ओळख थोरांची : डॉ. बेंजामिन रश



थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. आपल्या वर्गात निम्मी मुले शिंकत होती आणि उरलेली खोकत होती. बाराखडी राहिली बाजूला, आणि मधल्या सुट्टीत कॉफीच्या टेबलापाशी पालकांचीच शाळा भरली. एक आई म्हणाल्या की आमच्याकडे आले-तुळशीचा काढा दिला की चार दिवसांत सर्दी पळते. दुसऱ्या घरी दुकानातले कफ सिरप होते. तिसऱ्या घरी भारतातून येताना आणलेली अँटिबायोटिकची पट्टी होती. सर्दीवर तिचा काही उपयोग नसतो, हे तिथेच उभ्या असलेल्या एका डॉक्टर बाबांनी लगेच सांगून टाकले. पण गंमत अशी की तिन्ही घरची मुले चार-सहा दिवसांत बरी झालेली होती! तेवढ्यात बिस्किट घ्यायला आलेल्या एका छोट्या मित्राने विचारले, आणि काहीच दिले नसते तर? टेबलापाशी एकदम शांतता. काहीच न देणारे घर आमच्यात एकही नव्हते.

त्या प्रश्नावरून आम्हाला फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांची आठवण झाली. फिलाडेल्फिया म्हटले की आपल्याला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. त्या १८८३ साली तिथे डॉक्टरकी शिकायला आल्या. त्याच्या बरोबर नव्वद वर्षे आधी, १७९३ साली, त्याच गावात एक भयंकर साथ आली होती. त्या साथीत डॉ. रश यांनी जे केले ते शूरपणाचे होते, आणि बहुधा फार चुकीचेही होते. दोन्ही एकाच माणसाच्या हातून झाले, म्हणून त्यांची ओळख करून घ्यायची.

बेंजामिनचा जन्म फिलाडेल्फियाजवळच्या बायबेरी गावी झाला. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख येते ४ जानेवारी १७४६. वडील तो पाच वर्षांचा असताना वारले. आईने गावात किराणा मालाचे दुकान चालवून मुलांना वाढवले. मुलगा इतका हुशार की आज ज्याला आपण प्रिन्स्टन म्हणतो त्या कॉलेजातून तो चौदाव्या वर्षी पदवीधर झाला. (आपल्यापैकी काही पालकांचे डोळे चमकले असतील. त्या काळी मुले कॉलेजात लवकर जात, एवढे लक्षात ठेवा.) मग फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन रेडमन यांच्या हाताखाली त्याने पाच वर्षे उमेदवारी केली, आणि पुढे स्कॉटलंडला जाऊन एडिंबरा विद्यापीठाची डॉक्टरकीची पदवी घेतली. १७६९ साली परत आल्यावर ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा वय होते तेवीस.

पुढची वर्षे धावपळीची. १७७३ साली त्यांनी गुलामगिरीच्या विरुद्ध पुस्तिका लिहिली. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र पुढे एक गुलाम होता आणि त्याला त्यांनी १७९४ साली मुक्त केले, हेही सांगायला हवे. १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांत डॉ. रश एक होते. युद्धात सैन्याच्या इस्पितळांची दुर्दशा पाहून त्यांनी वरिष्ठांशी भांडण काढले आणि शेवटी राजीनामा दिला. गरिबांना फुकट औषध मिळावे म्हणून १७८६ साली फिलाडेल्फियात दवाखाना निघाला. त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि तसा दवाखाना या देशात पहिलाच. गावात त्यांच्याबद्दल आदर होता. आपल्याकडे म्हणतात ना, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, तसे लोक त्यांच्याविषयी म्हणत असणार.

आता १७९३ चा उन्हाळा. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती, वस्ती सुमारे पन्नास हजार. ऑगस्ट महिन्यात नदीकाठच्या वस्तीत माणसे तापाने पटापट मरू लागली. आधी हुडहुडी आणि डोकेदुखी, मग डोळे आणि कातडी पिवळी, मग काळी उलटी. हा पिवळा ताप. धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीने तो आला, असे डॉ. रश यांचे मत झाले. दुसरे काही डॉक्टर म्हणत होते की वेस्ट इंडीज बेटांकडून आलेल्या जहाजांबरोबर तो आला. आज आपल्याला माहीत आहे की हा ताप एका डासामुळे पसरतो. पालकहो, हा डास तुमच्या ओळखीचा आहे. भारतात डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा काळा-पांढरा एडिस डास तो हाच. १७९३ मध्ये मात्र डासाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ज्यांना शक्य होते ते गाव सोडून पळाले. सतरा हजारांहून अधिक लोक गेले असा अंदाज आहे. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनही सप्टेंबरमध्ये आपल्या माउंट व्हर्ननच्या घरी निघून गेले. अनेक डॉक्टर पळाले. डॉ. रश यांनी बायको-मुलांना दूर ठेवले आणि स्वतः मात्र गाव सोडले नाही. दिवसाला शंभरावर रोगी ते पाहत, आणि रात्री पत्नी ज्युलियाला पत्र लिहीत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुणांपैकी तिघे त्या तापाने गेले. त्यांना मदत करणारी त्यांची सख्खी बहीण १ ऑक्टोबरला वारली. ते स्वतःही आजारी पडले, थोडे सावरले की पुन्हा रोग्यांकडे निघाले. अशा माणसावर टीका करताना आमची लेखणी अडखळते.

पण टीका करायला हवी ती त्यांच्या उपायावर. सुरुवातीला त्यांनी सौम्य उपाय करून पाहिले. सिंकोनाची साल, वाइन, व्हिनेगरमध्ये भिजवलेली कांबळी. रोगी मरतच होते. तेव्हा त्यांना एक जुने हस्तलिखित आठवले. ते व्हर्जिनियातल्या डॉ. जॉन मिचेल यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका तापाबद्दल लिहिलेले होते आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी ते रश यांना दिले होते. त्यात लिहिले होते की रोगी कितीही अशक्त दिसला तरी त्याला जोरदार जुलाब द्यायला कचरू नये. डॉ. रश यांना वाटले, किल्ली सापडली! त्यांनी कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे एक क्षार-औषध आणि जॅलप नावाच्या मुळाची पूड असे जबरदस्त मिश्रण द्यायला सुरुवात केली. त्याच्या जोडीला शीर कापून रक्त काढणे. पहिल्या पाच रोग्यांपैकी चार बरे झाले. मग काय, डॉ. रश यांची खात्रीच पटली. त्यांनी हा उपाय वर्तमानपत्रात छापून सगळ्या गावाला कळवला.

रक्त काढणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुताच्या ग्रंथात जळवा लावणे आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांत तुंबडी लावणारे फिरत असत.  पण डॉ. रश यांचे प्रमाण वेगळे होते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, म्हणजे पार्टीला आणतो त्या दोन लिटरच्या सोड्याच्या अडीच बाटल्या. डॉ. रश यांचा समज असा होता की रक्त याच्या दुपटीहून अधिक असते. काही रोग्यांचे त्यांनी पाच दिवसांत सत्तर-ऐंशी औंस रक्त काढले, म्हणजे दोन लिटरच्या वर. त्यात जुलाबाने अंगातले पाणी जायचे, आणि पाऱ्याने हिरड्या सुजून लाळ गळायची. लाळ गळू लागली की औषध लागू पडले असे समजत! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

मुलांनो, आता जरा डोके चालवा. पाचांतले चार बरे झाले, मग उपाय खरा नाही का?

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कावळा बसला, फांदी तुटली, पण कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. पिवळा ताप झालेले पुष्कळ लोक काही न करताही बरे होतात. ज्यांचा आजार बळावतो त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास दगावतात, पण बऱ्याच जणांचा आजार बळावतच नाही. त्यातून डॉ. रश यांचे मत असे की गावात सध्या हा एकच ताप आहे, बाकीच्या तापांनी पळ काढला आहे. म्हणजे ज्याला साधा हिवताप किंवा पडसे झाले होते त्यालाही पिवळा ताप समजून त्याचे रक्त काढायचे, आणि तो बरा झाला की आपल्या यशात त्याची भर घालायची. मेला त्याचे काय? तो उशिरा आला, किंवा त्याचे रक्त पुरेसे काढू दिले नाही. अशा रीतीने मांडलेल्या हिशेबात नापास व्हायची सोयच नसते. आपण देवाला नवस करतो. ज्यांचा नवस फळतो ते पेढे घेऊन येतात, ज्यांचा फळत नाही ते येतच नाहीत, आणि देवळाबाहेर उभे राहून मोजले तर सगळेच नवस फळलेले दिसतात. डॉ. रश यांचे असेच काहीसे झाले.

आणि तुलना करायला दूर जायची गरज नव्हती. गावाबाहेर बुश हिल नावाच्या मोठ्या घरात गरीब रोग्यांसाठी इस्पितळ उघडले होते. त्याची व्यवस्था स्टीफन गिरार्ड या व्यापाऱ्याने आपल्या हातात घेतली होती. तिथले फ्रेंच डॉक्टर झाँ देव्हेझ यांनी असले ताप वेस्ट इंडीजमध्ये पाहिले होते. ते रोग्याला स्वच्छ अंथरूण, पातळ पेये, विश्रांती आणि सौम्य औषधे देत. खजिनदार अलेक्झांडर हॅमिल्टन यांनाही ताप आला. त्यांना डॉ. एडवर्ड स्टीव्हन्स यांनी साल आणि वाइन देऊन बरे केले आणि तसे जाहीरही झाले. एका गावात, एकाच ऋतूत, एकाच तापावर दोन उपाय चालले होते. इकडचे किती गेले आणि तिकडचे किती गेले, हे शेजारी शेजारी मांडून पाहायचे एवढेच उरले होते. त्याऐवजी वर्तमानपत्रांतून भांडणे झाली. त्या भांडणात राजकारणही शिरले, कारण हॅमिल्टन एका पक्षाचे आणि रश दुसऱ्या. औषधाचा पक्ष पाहून लोक औषध घेऊ लागले. हे वाचून काही पालकांना अलीकडचे दिवस आठवतील!

आणखी एक चूक सांगितली पाहिजे, कारण तीही पुराव्याशिवाय मानलेल्या गोष्टीची होती. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असे डॉ. रश यांनी कुठेतरी वाचले होते. म्हणून त्यांनी गावातल्या काळ्या समाजाला शुश्रूषेसाठी पुढे यायची विनंती केली. अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या दोन पुढाऱ्यांच्या मागे शेकडो स्त्री-पुरुष आले. त्यांनी रोगी सांभाळले, मुडदे उचलले. पण त्यांनाही ताप झाला आणि त्यांच्यातले दोनशेच्या वर मेले. साथ संपल्यावर एका प्रकाशकाने त्यांच्यावर लुटालुटीचा आरोप केला. तेव्हा जोन्स आणि अ‍ॅलन यांनी १७९४ साली स्वतःची पुस्तिका छापून, कोणी काय काम केले आणि किती पैसे मिळाले, याचा हिशेबच लोकांपुढे ठेवला. आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली माणसे ही दोघे.

थंडी पडली, डास मेले, आणि नोव्हेंबरात साथ थांबली. गावातले सुमारे पाच हजार लोक गेले होते, म्हणजे दहांतला एक.

पुढच्या वर्षांत ताप पुन्हा पुन्हा आला, आणि डॉ. रश यांनी उपाय बदलला नाही. १७९७ साली विल्यम कॉबेट नावाचा एक इंग्रज पत्रकार त्यांच्यामागे हात धुऊन लागला. हा मनुष्य पॉर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर, या टोपणनावाने लिहायचा आणि त्याची भाषा तशीच टोचणारी होती. डॉक्टरकीतले त्याला काही कळत नव्हते, आणि रश यांचे राजकारण आवडत नसल्यामुळे तो लिहीत होता. पण त्याने एक साधे काम केले, जे एकाही डॉक्टरने केले नव्हते. त्याने गावातल्या मृत्यूंच्या रोजच्या याद्या काढल्या आणि पाहिले की डॉ. रश यांनी १७९३ मध्ये आपला रामबाण उपाय जाहीर केल्यानंतर मरणाऱ्यांचा आकडा खाली आला का? आकडा वरच चढत गेला होता.

आता न्याय करायचा तर हेही सांगू, की कॉबेटचा हिशेबही पक्का नव्हता. त्या दिवसांत साथच वाढत होती, तेव्हा आकडा उपायामुळे वाढला असे त्यावरून ठरत नाही. तोही एक कावळाच. पण निदान त्याने मेलेल्यांना मोजले.

डॉ. रश यांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. निकाल लागला १४ डिसेंबर १७९९ रोजी. न्यायालयाने रश यांच्या बाजूने कौल दिला आणि कॉबेटला पाच हजार डॉलरची भरपाई द्यायला लावली, त्या काळी फार मोठी रक्कम. डॉक्टरांचा जय झाला. आता दैवगती पाहा. त्याच दिवशी, माउंट व्हर्ननला, जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने अंथरुणावर होते. दिवसभरात चार वेळा त्यांचे रक्त काढले गेले. जवळच्या तीन डॉक्टरांपैकी सर्वांत तरुण होते ते आता रक्त काढणे पुरे म्हणाले, पण मोठ्यांनी ऐकले नाही. त्या रात्री वॉशिंग्टन वारले. ते डॉ. रश यांचे रोगी नव्हते आणि एवढ्या गंभीर आजारातून ते तसेही वाचले नसते कदाचित. पण न्यूयॉर्कला पळालेल्या कॉबेटने हा योगायोग लोकांच्या नजरेला आणून द्यायचे सोडले नाही. बदनामी झाली की नाही हे न्यायालय ठरवू शकते. ताप कशाने बरा होतो हे ठरवायला ज्युरीचा उपयोग नसतो.

कोणी म्हणेल की त्या काळी हे कुणाला सुचत नव्हते, आजचे शहाणपण कालच्यांना का लावायचे? आम्हीही प्रथम असेच म्हटले. पण तसे नव्हते. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा झाब्दिएल बॉयल्स्टन या डॉक्टरांनी सुमारे अडीचशे लोकांना देवी टोचल्या. ही युक्ती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने सांगितली होती. टोचलेल्यांपैकी ६ जण मेले. ज्यांना देवी आपोआप आल्या असे सहा हजारांच्या आसपास लोक होते आणि त्यांच्यातले आठशेहून अधिक मेले. बॉयल्स्टन यांनी दोन्ही आकडे शेजारी मांडून दाखवले. म्हणजे साधारण चाळिसांतला एक आणि सातांतला एक. १७४७ साली जेम्स लिंड यांनी बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले, तेव्हा संत्री-लिंबू मिळालेली जोडी झटपट सुधारली. लिंड यांचे पुस्तक एडिंबऱ्यालाच छापले गेले, जिथे रश पुढे शिकले.

आणि फ्रँकलिन तर रश यांचे वडीलधारे मित्र. १७८४ साली ते पॅरिसला होते. तिथे मेस्मर नावाच्या वैद्याचे प्रस्थ माजले होते. आपल्या हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे होतात असा त्याचा दावा, आणि लोक खरोखर बेशुद्ध पडून बरे होत! राजाने चौकशी समिती नेमली, तीत फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी फ्रँकलिनच्या बागेत एक जर्दाळूचे झाड मेस्मरच्या शिष्याकडून मंतरून घेतले. मग एका बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले. बालमित्रांनो, तो मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला, आणि ते झाड मंतरलेले नव्हतेच! डोळ्यांची पट्टी ही आंधळ्या कोशिंबिरीतली गंमत, पण नव्या औषधाची परीक्षा करताना रोग्याला आणि डॉक्टरलाही खरे औषध कोणाला मिळाले ते कळू देत नाहीत, ती रीत याच कुळातली.

तेव्हा साधने होती. डॉ. रश यांना त्यांची गरज वाटली नाही. आपल्या डोळ्यांसमोर माणसे बरी होताना ज्याने पाहिली आहेत, आणि ज्याने त्यासाठी जीव धोक्यात घातला आहे, त्याला मोजणी हा अपमान वाटत असावा. हे आमचे मत, इतिहासकारांचे नव्हे.

१८०३ साली अध्यक्ष जेफरसन यांनी लुईस आणि क्लार्क यांना पश्चिमेकडे शोधमोहिमेवर पाठवले. लुईस यांना त्यांनी आधी डॉ. रश यांच्याकडे सल्ल्याला धाडले. त्यांच्या सामानात रश यांच्या जुलाबाच्या गोळ्या पन्नास डझन होत्या. लोक त्यांना गंमतीने वीज म्हणत. त्यांचा परिणाम आम्ही इथे सविस्तर लिहीत नाही, मुलांनी हसत कल्पना करावी. दोनशे वर्षांनी, २००२ साली, मोंटाना राज्यात उत्खनन करणाऱ्यांना एका जुन्या शौचकूपाच्या मातीत पारा सापडला. लुईस आणि क्लार्क यांचा तळ नेमका तिथेच होता याचा तो एक पुरावा ठरला. एका परीने डॉ. रश यांचे औषध अखेर उपयोगी पडले!

पण त्यांच्या आयुष्यातली जी बाजू आम्हाला हळवी करते ती वेगळीच. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये वेड लागलेल्या लोकांना तळघरातल्या थंड, ओल्या कोठड्यांत ठेवत. हे लोक आजारी आहेत, गुन्हेगार नाहीत, असे डॉ. रश वर्षानुवर्षे सांगत राहिले. त्यांना उबदार खोल्या, आंघोळ, काम आणि बोलायला माणूस मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केले. १७९६ साली त्यांच्यासाठी नवी इमारत झाली. त्यांचा थोरला मुलगा जॉन नौदलात होता. १८०७ साली द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून त्याचा मित्र मारला गेला, आणि त्यानंतर त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही. १८१० साली त्याला याच इस्पितळात, वडिलांच्याच विभागात, दाखल करावे लागले. बाप रोज तपासणीला जायचा त्या विभागात मुलगा येरझाऱ्या घालत असे. तो तिथेच १८३७ साली वारला. १८१२ साली डॉ. रश यांचे मनोविकारांवरचे पुस्तक निघाले. या देशात छापलेले त्या विषयावरचे ते पहिले पाठ्यपुस्तक म्हणतात. त्याही पुस्तकात रक्त काढणे आहेच. त्याच वर्षी त्यांच्या मध्यस्थीने जॉन अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांची जुनी तुटलेली मैत्री पुन्हा जुळली.

एप्रिल १८१३ मध्ये त्यांना ताप भरला. त्यांनी हट्टाने स्वतःचे रक्त काढून घेतले. १९ एप्रिलला ते वारले. दुसऱ्यांना देत होते तेच औषध स्वतः घेणारे ते होते, एवढे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

मग मोजणी कधी सुरू झाली? १८३५ साली पॅरिसचे डॉ. पिअर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी छापल्या. ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले अशा ४१ पैकी १८ मेले होते, आणि ज्यांचे उशिरा काढले अशा ३६ पैकी ९. लवकर रक्त काढले तर बरे, ही समजूत त्यामुळे डळमळली. (मोठ्या मुलांसाठी कोडे : ज्याचे रक्त पाचव्या दिवशी काढले तो निदान पाच दिवस जगलेला होता. मग ही तुलना अगदी सारख्यांमधली झाली का? आईबाबांशी वाद घाला.) लुईंकडे शिकलेले अमेरिकन तरुण ही पद्धत घेऊन इकडे परतले. त्यांतल्याच विल्यम गेरहार्ड यांनी फिलाडेल्फियात रोग्यांच्या नोंदी बारकाईने ठेवून टायफस आणि टायफॉइड हे दोन निराळे ताप आहेत हे १८३७ साली दाखवून दिले. सगळे ताप एकच, असे म्हणणाऱ्या डॉ. रश यांच्याच गावात! १८६३ साली सैन्याच्या औषधांच्या यादीतून कॅलोमेल काढले तेव्हा डॉक्टर मंडळी केवढी चिडली.

पिवळ्या तापाचा उलगडा १९०० साली क्यूबात झाला. डास हा गुन्हेगार आहे असे क्यूबाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. वॉल्टर रीड यांच्या तुकडीने एक खोली मधोमध जाळी लावून दोन भागांत वाटली. हवा तीच, अन्न तेच, फक्त एका बाजूला रोग्यांना चावलेले डास सोडलेले. डासांच्या बाजूला जो राहिला तो आजारी पडला, दुसऱ्या बाजूचे ठणठणीत. दुसऱ्या एका घरात काही जण रोग्यांच्या घाण चादरींत वीस दिवस झोपले आणि त्यांना काही झाले नाही. घाणीचा आणि कॉफीचा दोष त्या दिवशी गेला. त्याच्या थोडे आधी, १८९७ च्या जानेवारीत, आपल्या मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात असेच केले होते. जे कैदी तयार होते त्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही, आणि एकाच छपराखालच्या दोन्ही गटांचे काय होते ते पाहिले. लस घेतलेले उघडच सुखरूप राहिले. परळच्या त्यांच्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात.

पिवळ्या तापावर १९३७ पासून चांगली लस आहे. तुम्ही कधी ब्राझीलला किंवा केनियाला जाऊन तिथून थेट आजीकडे निघालात, तर मुंबईच्या विमानतळावर त्या लशीचे पिवळे कार्ड विचारतील. कारण तो डास आपल्याकडे भरपूर आहे, ताप मात्र अजून आलेला नाही.

फिलाडेल्फियाला लिबर्टी बेल पाहायला जाल तेव्हा थोडे पुढे, पाचव्या रस्त्यावर आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, ख्राइस्ट चर्चची दफनभूमी आहे. फ्रँकलिन यांच्या कबरीच्या दगडावर लोक पेनी टाकतात, ती लगेच सापडते. तिथेच जवळ डॉ. रश यांची कबर आहे. तिथून दहा मिनिटे चालले की वॉशिंग्टन स्क्वेअर ही बाग लागते. हिरवळ आहे, बाके आहेत, मुले खारींच्या मागे पळत असतात. १७९३ च्या तापाने गेलेले पुष्कळ लोक त्या हिरवळीखाली पुरलेले आहेत. त्यांच्यावर दगड नाहीत.